लॅटिन नामांचे पाच वर्ग : एका शालेय रूढीचा उगम

लॅटिनचा अभ्यास आरंभणाऱ्यास नामांचे पाच वर्ग व क्रियापदांचे चार गण प्रथम मुखोद्गत करावे लागतात. ही व्यवस्था प्राचीन रोमच्या प्राथमिक शाळेतून जशीच्या तशी चालत आली असावी, असा समज सहज होतो. तो मात्र बरोबर नाही.

चौथ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये अध्यापन करणारा दोनातुस हा संत जेरोमचा गुरू. त्याचे 'आर्स मिनोर' हे लहानसे प्रश्नोत्तररूप पुस्तक युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ पढविले गेले. शब्दांच्या आठ जातींचे विवेचन त्यात आहे. नामे मात्र लिंगभेदाने चालविली आहेत : माजिस्तेर, मूसा, स्काम्नुम, साचेर्दोस व फेलिक्स, एवढेच नमुने. क्रियापद एकच, 'लेगो' म्हणजे 'मी वाचतो'. आणि गण तीनच. 'दोमिनुस' (धनी) व 'मानुस' (हात) ही नामे प्रथमेत सारखी दिसतात, पण षष्ठीत एकाचे 'दोमिनी' तर दुसऱ्याचे 'मानूस' होते. 'मानुस'सारख्या नामाचा नमुना दोनातुसने दिलेलाच नाही. हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. त्याच्या शिष्यांची मातृभाषाच लॅटिन होती. रूपे त्यांच्या जिभेवर होती, त्यांना हवी होती ती रूपांची नावे.

आयर्लंडची गोष्ट निराळी. तो देश रोमच्या अमलाखाली कधीच नव्हता. तेथे लॅटिन आली ती ख्रिस्ती धर्माबरोबर, ग्रंथांची भाषा म्हणून. तेथील व पुढे इंग्लंडमधील मठवासी मुलाने दोनातुस पाठ केला, तरी धर्मग्रंथाच्या पानावरील निम्मी रूपे त्याला अनोळखीच राहत असली पाहिजेत.

ही उणीव भरून निघाली ती प्रामुख्याने प्रिस्कियानुसच्या आधारे. सहाव्या शतकाच्या आरंभी हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे ग्रीकभाषी नगरीत, लॅटिन शिकवीत होता. त्याचा अठरा भागांचा महाग्रंथ प्रसिद्धच आहे. परंतु नाम, सर्वनाम व क्रियापद यांवरील त्याची छोटी पुस्तिका प्रारंभिक शिक्षणाच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरली. तीत षष्ठी एकवचनाच्या अंत्यावरून नामांचे पाच वर्ग केले आहेत. या कल्पनेचा जनक तोच नव्हे, पण परभाषी विद्यार्थ्याच्या हाती ती सोपी करून दिली ती त्याने. (संस्कृत रूपावलीत शब्दाचा अंत्य वर्ण व लिंग पाहून वर्ग ठरतो, लॅटिनमध्ये प्रथमा फसवी असल्याने षष्ठीचा आश्रय घ्यावा लागतो.)

कँटरबरीचा आर्चबिशप टॅटविन (मृत्यू ७३४) आणि बॉनिफेस (मृत्यू ७५४) यांनी दोनातुसची चौकट ठेवून तीत ही रूपे व उदाहरणांच्या याद्या भरल्या. अशा व्याकरणांना दीर्घकाळ निःसत्त्व संकलने समजले गेले. व्हिव्हियन लॉ यांच्या १९८२ च्या ग्रंथानंतर तो ग्रह टिकणे कठीण आहे. परभाषा म्हणून लॅटिन शिकविण्याची पद्धती येथेच घडली, आणि नव्या सिद्धान्ताहून ती कमी मोलाची नव्हे.

इ. स. १००० च्या सुमारास एल्फ्रिकने हेच व्याकरण इंग्रजीत, मुलांसाठी लिहिले. लॅटिनइतकाच इंग्रजीच्याही अभ्यासास त्याचा उपयोग व्हावा अशी त्याची अपेक्षा होती. पुढे मानुएल आल्व्हारिश या जेझुइटाचे १५७२ चे लॅटिन व्याकरण संघाच्या शाळांतून सर्वत्र पसरले. त्याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याची चौकट लॅटिन व्याकरणाचीच आहे.