टी-२०६ : तंबाखूच्या पाकिटांतील चित्रकार्डे व त्यांचे पाठभेद

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची जी रंगीत चित्रकार्डे वाटली गेली, त्यांना संग्राहक 'टी-२०६' या रुक्ष नावाने ओळखतात. हे नाव कार्डांवर कोठेही छापलेले नाही. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या सूचीत विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांस 'टी' हे अक्षर दिले आणि या मालिकेस २०६ हा क्रमांक. तोच पुढे रूढ झाला. कार्ड अगदी लहान, सुमारे दीड इंच रुंद व अडीच इंचांहून थोडे अधिक उंच. मालिकेतील कार्डांची परंपरागत गणना ५२४ आहे. त्यांच्या किमतींची चर्चा मोठी असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका भाग म्हणजे त्यांच्या छपाईतील भेद होत. छपाईची तारीख कोणत्याही कार्डावर नाही. ती या भेदांवरूनच काढावी लागते.

या भेदांचे मूळ त्या वेळच्या तंबाखू-व्यापाराच्या रचनेत आहे. अमेरिकन टोबॅको कंपनी ही १८९० साली स्थापन झालेली संस्था. तिने एकामागून एक प्रतिस्पर्धी गिळून जवळजवळ संपूर्ण बाजारपेठ हाती घेतली होती. मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडण्याचा निर्णय दिला. तोपर्यंत पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर अशा अनेक नावांनी विकला जाणारा माल एकाच मालकाचा होता. साहजिकच खेळाडूचे चित्र सर्वांना समाईक आणि पाठीमागील जाहिरात मात्र ज्या त्या नावाची, अशी व्यवस्था झाली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीत शिळामुद्रणाने एकावर एक रंग चढवून दर्शनी बाजू छापली जाई. पाठ ज्या मालासाठी कार्डे हवी असत त्याप्रमाणे छापली जाई. पाठीवर करनियमांस अनुसरून कारखान्याचा क्रमांक व जिल्हाही येई. शिवाय तेथे मालिकेतील चित्रांची संख्या दिलेली असे : प्रथम १५०, नंतर ३५०, पुढे ३५०-४६० व ४६०. एकच मुख आणि निरनिराळ्या पाठी. कालनिर्णयाची पहिली किल्ली येथेच सापडते.

दुसरी किल्ली खेळाडूंच्या बदल्यांत आहे. किड एल्बरफेल्ड हा खेळाडू डिसेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्ककडून वॉशिंग्टनकडे गेला. त्याचे एकच अर्धचित्र दोन्ही शहरांच्या नावांनी आढळते. म्हणजे चित्र तेच ठेवून खालची ओळ बदलण्यात आली. वॉशिंग्टनचे नाव असलेल्या कार्डांची पाठ पीडमाँटची असून तीवर ३५० हा आकडा आहे. त्याच हिवाळ्यात डेमिट व ओ'हारा हे दोघे सेंट लुईसच्या दोन निरनिराळ्या संघांकडे गेले, आणि त्यांची सेंट लुईस नावाची कार्डे केवळ पोलर बेअरच्या पाठीनेच मिळतात. यावरून पोलर बेअरसाठी झालेली निदान ही छपाई बदल्यांनंतरची ठरते. खेळाच्या वृत्तान्तातील एका नोंदीवरून तंबाखूच्या जाहिरातीचा काळ ठरावा, हा योग मौजेचा खरा.

हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यास हे तंत्र परके वाटणार नाही. फरक इतकाच की, लेखनिकाचा प्रमाद पुढील प्रतींत उतरतो आणि त्यावरून प्रतींची वंशावळ लागते. मुद्रकाचा प्रमाद लक्षात आला की दुरुस्त होतो आणि त्यावरून वेळ कळते. शेरवूड मॅगीच्या आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत दोन 'ई' आहेत. आरंभी त्यांतल्या पहिल्याच्या जागी 'आय' पडला. ही चूक १५० आकड्याच्या पीडमाँट पाठीवरच आढळते, तेव्हा दुरुस्ती फार लवकर झाली असली पाहिजे. जो डॉयलची गोष्ट याहून मनोरंजक आहे. न्यूयॉर्कला त्या वेळी नॅशनल व अमेरिकन अशा दोन्ही संघटनांतील संघ होते आणि दोहोंतही एकेक डॉयल होता. मुद्रकाने अमेरिकन संघटनेतील जोच्या चित्राखाली 'नॅशनल'चे संक्षिप्त रूप घातले व नंतर काढले. चुकीच्या ओळीच्या ज्ञात प्रती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

होनस वॅग्नरच्या कार्डाचा बोलबाला सर्वाधिक. त्याने आपले चित्र तंबाखूबरोबर देण्यास हरकत घेतली. ती मुलांच्या हितासाठी की मोबदल्यासाठी, हा वाद संग्राहकांना प्रिय आहे. छपाईच्या अभ्यासास त्याचा उपयोग थोडा. पाठ पाहणे अधिक फलदायी : ज्ञात प्रती १५० आकड्याच्याच आहेत, म्हणजे कार्ड आरंभीच मागे घेतले गेले. याच कार्डाची एक प्रत १९९१ साली ४,५१,००० डॉलरला विकली गेली. तिच्या रेखीव कडांची मोठी वाखाणणी होत असे. त्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली तिच्या एका पूर्वीच्या मालकाने २०१३ साली न्यायालयात दिली.

ही केवळ खरेदीदाराची फसवणूक नव्हे. पुराव्याचीही हानी आहे. या मालिकेचा अखंड, न कापलेला पूर्ण ताव आज ज्ञात नाही. तावावर कोण कोणाशेजारी होता, हे सदोष कार्डांवरून जुळवावे लागते. वाकडे कापलेल्या कार्डाच्या माथ्यावर कधी शेजारच्या कार्डावरील नाव उरते. पीडमाँटच्या काही पाठींवर मुद्रणपट्टीवरील ओरखड्यांच्या बारीक रेषा उमटल्या आहेत. एका कार्डाच्या कडेला तुटलेली रेषा दुसऱ्याच्या कडेपासून पुढे चालू झालेली दिसली, की ती दोन कार्डे तावावर लगत होती असे धरता येते. अशी जोडणी करीत तावांचे काही भाग अभ्यासकांनी कागदावर पुन्हा उभे केले आहेत. बाजारात ज्या कडेस दोष म्हणतात, तीच येथे साक्षीदार असते, आणि सौंदर्यासाठी चालवलेली कात्री नेमकी तिच्यावरच पडते.

बर्डिकला बाजाराची ओढ नव्हती. संधिवाताने जर्जर झालेल्या या गृहस्थाने १९४७ पासून आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यास आरंभ केला आणि तेथे बसून तो स्वतः लावला. ते काम जानेवारी १९६३ मध्ये संपले. मार्चमध्ये तो वारला. कार्डे सुरक्षित राहावीत व क्रमाने पाहता यावीत, म्हणून त्याने ती अल्बमांच्या पानांवर चिकटवली. मुख अभ्यासकासमोर राहिले. चिकटलेली पाठ पानाच्या बाजूस गेली.