संत तुकाराम (बोलपट, १९३६)

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा मराठी बोलपट. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व फत्तेलाल, लेखक शिवराम वाशीकर, संगीतकार केशवराव भोळे. भूमिका : तुकाराम – विष्णुपंत पागनीस, जिजाई – गौरी, सालोमालो – भागवत. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. त्याला सहसा संतपटांत बसवतात. ते चूक नाही, अपुरे आहे. गाणाऱ्या कवीचे चरित्र हा बोलपट मुख्यतः आवाजातून सांगतो, आणि त्याचे खरे कर्तृत्व तिथे आहे. सुरुवातीलाच तुकोबा एक अभंग तल्लीन होऊन गातात. पाठोपाठ तीच रचना सालोमालो देवळात नाटकी हरकती घेत, आपलीच म्हणून मिरवतो. शब्द तेच, तरी चोर कोण हे कानांना आधी कळते, कथानकाला मागाहून. हे योगायोगाने साधलेले नाही. दामले मुळात प्रभातचे ध्वनिमुद्रणतज्ज्ञ, तर भोळे ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात संयत भावगायन आणणारे संगीतकार. शिवाय पागनीस पडद्यावर स्वतःच्याच गळ्याने गातात. याउलट, विली फोर्स्टने १९३३ साली संगीतकार शूबर्टवर काढलेल्या जर्मन भाषेतल्या बोलपटात सिंफनी अपुरी राहण्याचे कारण म्हणून एक प्रेमकथा जोडलेली आहे. इथे गाण्याला असे कारण लागतच नाही.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा. चित्रपटातली ‘आधी बीज एकले’ ही रचना तुकोबांची नव्हे, शांताराम आठवले यांची. पुढे कित्येकांनी ती गाथेतलीच मानली. (सालोमालोचा उद्योग इथे उलटा झाला म्हणायचा!) चरित्राचा पुरावा म्हणून चित्रपट वापरणाऱ्याने सावध राहावे, हे खरेच. पण ही गफलत झाली, यावरूनच आठवले-भोळ्यांनी अभंगाचा बाज किती नेमका पकडला होता ते दिसते. दुसरा आक्षेप चमत्कारांचा, आणि तो जास्त वजनदार. तरंगून वर येणारी गाथा आणि वैकुंठाचे विमान ही ट्रिक-फोटोग्राफी आज भाबडी वाटते. मात्र चित्रपट केवळ तिच्यावर उभा नाही. आजारी पोरासाठी थेट देवळात शिरून पांडुरंगावर वहाण उगारणारी, तुकोबांची तोंडाळ, कष्टाळू बायको जिजाई अभंगांच्या शेजारी सतत बोलत असते. तिच्या खडबडीत बोलीमुळे पागनीसांचे गाणे गोडगोड होत नाही, आणि विमान आले तरी ती संसारातच मागे राहते.