डोलकाठीला ठोकलेला झेंडा

इंग्रजीत म्हणतात, 'नेल युअर कलर्स टू द मास्ट'. म्हणजे आपली बाजू उघडपणे घ्यायची आणि मग मागे हटायचं नाही. यातले कलर्स म्हणजे रंग नव्हेत बरं का, जहाजाचा झेंडा! जुन्या समुद्री लढायांत झेंडा उतरवला की शरणागती. दोरीवरचा झेंडा खाली ओढता येतो, पण खिळ्यांनी ठोकलेला कसा ओढणार?

११ ऑक्टोबर १७९७. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ कॅम्परडाउनची लढाई. ब्रिटिश ॲडमिरल डंकनच्या 'व्हेनरेबल' जहाजाची डोलकाठी डच तोफांनी तोडली, झेंडाही पडला. आता बाकीच्या जहाजांना वाटणार, ॲडमिरलच शरण गेला! तेवढ्यात संडरलंडचा जॅक क्रॉफर्ड, वय फक्त २२, भर गोळीबारात वर चढला आणि झेंडा ठोकूनच खाली आला. ब्रिटिश जिंकले. वाक्प्रचाराचं श्रेय बरेच जण त्यालाच देतात.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. पेन्शन मिळाली, पदक मिळालं, तरी शेवट गरिबीत झाला. १८३१ मध्ये संडरलंडला कॉलरा आला, त्यात जॅक गेला. पुरलं तेही बेवारशासारखं, कबरीवर तेव्हा नावसुद्धा नव्हतं. गावाने पुतळा उभारला, पण कधी? १८९० मध्ये. त्यात तो अजूनही खिळा ठोकतोय.