टाचणीची आठवण

जिनिव्हा, विसाव्या शतकाचा आरंभ. मनोरुग्णालयातील एका ४७ वर्षांच्या स्त्रीला युरोपातील राजधान्या तोंडपाठ होत्या. मात्र रोज भेटणारे डॉक्टर तिला दर वेळी नवखेच वाटत. कोर्साकोव्ह विकारामुळे नवे काही तिच्या स्मृतीत टिकत नव्हते.

मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी एकदा बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टोचल्याचे ती लवकरच विसरली. पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा मात्र तिने आपला हात झटकन मागे घेतला. कारण विचारताच, हात मागे घेण्याचा अधिकार नाही का, असा तिने उलट सवाल केला! खोदून विचारल्यावर म्हणाली, कधीकधी लोकांच्या हातात टाचण्या लपवलेल्या असतात. हा आपलाच अनुभव आहे, हे तिला उमगले नाही.

तिला न सांगता केलेला हा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. पण १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने एक प्रश्न मागे ठेवला: भीतीची नोंद मेंदूत निराळ्या जागी होते काय?

उत्तराला १९९५ साल उजाडले. बेचारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना ठरावीक रंग दाखवून लगेच कर्कश भोंगा वाजवला आणि त्वचेवरील सूक्ष्म घामावरून भीती मोजली. अमिग्डला निकामी झालेल्या रुग्णाला कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे सांगता येई, पण त्या रंगाने घाम फुटत नसे. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्याला घाम फुटे. कोणत्या रंगाने, ते मात्र सांगता येत नसे.