वकिलांची शिस्त आणि अशिलाचे नुकसान

‘वकील’ हा मूळ अरबी शब्द. मराठेशाहीत तो राजदूतासही लावीत. विश्वासाने दुसऱ्याचे काम पाहणे, हा त्याचा गाभा होय. आजच्या सिंधुदुर्गातील मालवण १८१२ साली इंग्रजांकडे गेले. तेथील वकील प्रथम १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनाखाली व पुढे १९२० च्या मुंबई प्लीडर्स ॲक्टाखाली आले. शिस्त न्यायालयाच्या हाती होती. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने ती वकिलांच्याच परिषदेकडे सोपविली. कलम ३५ अन्वये समज देणे, सनद तहकूब करणे वा पटावरून नाव काढणे, एवढ्याच शिक्षा आहेत. हयगयीने मुदत टळून दावा गमावलेल्या अशिलास त्यांतून भरपाई मिळत नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचाचा मार्गही बंद केला. सारांश, शिस्तीने व्यवसायाची प्रतिष्ठा राखली. अशिलाचे नुकसान मात्र दिवाणी दाव्यावरच सोडले.