टायर, विद्युत मोटारीचे हंगामी : इंदिरानगर (बंगळूर)

टायर, विद्युत मोटारीचे हंगामी : हवामान, रस्ता आणि गाडीचे वजन पाहून विजेवर चालणाऱ्या मोटारीसाठी निवडलेले टायर व रिम. थंड देशांत उन्हाळी आणि हिवाळी असे चाकांचे दोन संच ठेवतात व वर्षातून दोनदा बदलतात. बंगळूरच्या इंदिरानगरात असा बदल लागत नाही. तिथे हंगामाचा प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे. म्हणून वर्षभर चालवायचा एकच संच निवडायचा, पण तो पावसाळ्याच्या कसोटीवर निवडायचा, हे तिथले मुख्य सूत्र होय.

स्थान व पार्श्वभूमी : इंदिरानगर ही पूर्व बंगळुरातील वसाहत. उत्तरेला ओल्ड मद्रास रोड, पश्चिमेला हलसूरु आणि दक्षिणेला डोमलूर आहे. १०० फूट रस्ता, सीएमएच रस्ता आणि बारावा मेन हे तिचे गजबजलेले मार्ग. बंगळूर मेट्रोचा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाला आणि त्यातच इंदिरानगर स्थानक होते. विद्युत वाहनांशी या शहराचे नाते जुने आहे. ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार २००१ मध्ये बंगळुरातच बाजारात आली. २०१७ मध्ये विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करून कर्नाटकाने इतर राज्यांच्या आधी पाऊल टाकले. ‘अ‍ॅथर एनर्जी’ या बंगळूरच्याच कंपनीने २०१८ मध्ये आपल्या विद्युत स्कूटरचे दालन इंदिरानगरात उघडले. आज या भागात विद्युत मोटारी नित्याच्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या टायरचा प्रश्नही.

उन्हाळी, हिवाळी व बारमाही टायर : या तिन्हींत मूळ फरक रबराच्या मिश्रणाचा आहे. उन्हाळी टायरचे रबर उष्णतेत आकार धरून राहते, पण तापमान सुमारे ७° सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह बर्फातील चाचणी पार केलेल्या टायरवर उमटवलेले असते. ‘एम+एस’ ही अक्षरे मात्र केवळ चिखल-बर्फासाठी योजलेली नक्षी दाखवतात, चाचणीची हमी देत नाहीत. जगातील पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये फिनलंडच्या नोकियन कंपनीने मालमोटारींसाठी बनवला. बारमाही टायर हा या दोहोंमधला तोडगा आहे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवामान नोंदींतील नीचांक ७.८° सेल्सिअस असून तो १३ जानेवारी १८८४ या दिवसाचा आहे. उच्चांक ३९.२° असून तो २४ एप्रिल २०१६ रोजी नोंदला गेला. म्हणजे नोंदलेल्या सर्वांत थंड पहाटेही शहर त्या ७ अंशांच्या खाली गेलेले नाही. एवढ्यावरून इंदिरानगरात हिवाळी टायर का नको, हे ठरते. एप्रिलच्या तापलेल्या डांबरावर मऊ रबर लवकर झिजते, ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर जाऊन थांबते आणि बॅटरीही अधिक खर्च होते. ‘विंटर’ या शब्दाला भुलून ते घेणे म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणे होय.

परदेशातील मराठी कुटुंबे : बंगळुरातून म्युनिक, स्टॉकहोम किंवा मॉन्ट्रियलला नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबाला पहिल्याच वर्षी दुसऱ्या संचाची तरतूद करावी लागते. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा हिमकणांचा थर असेल तेव्हा हिवाळ्यासाठी मान्य टायर सक्तीचे आहेत. ऑक्टोबर ते ईस्टर हा काळ तिथले लोक ठोकताळ्याने हिवाळी टायरचा मानतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिवाळी स्थितीत असल्यास, तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च सरसकट हिवाळी टायर लावण्याचा नियम आहे. तिथे हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवूनच ठेवतात, म्हणजे दर वेळी टायर उतरवावा लागत नाही. हिवाळी संच अनेकदा एक इंच लहान रिमचा घेतात. त्याने टायरची बाजूची भिंत उंच राहते आणि खर्चही कमी येतो. वापरात नसलेला संच गॅरेजवाले भाडे घेऊन सांभाळतात.

पाऊस, निर्णायक हंगाम : वर्षाचे उन्हाळा आणि हिवाळा असे दोनच भाग करणारी टायरची परिभाषा आपल्याकडे अपुरी पडते, कारण तिच्यात पावसाळ्याला जागाच नाही. बंगळुरात एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या सरी येतात. सरासरीने सप्टेंबर हा सर्वांत ओला महिना. २ जून २०२४ रोजी शहरात २४ तासांत १११ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, तर सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला एका रात्रीत १३१.६ मिलिमीटर पाऊस पडून पूर्व बंगळुरातील अनेक भाग पाण्याखाली गेले.

टायरच्या खाचा चाकाखालचे पाणी बाजूला काढतात. पाणी निघण्याच्या वेगापेक्षा गाडीचा वेग वाढला की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी होतात. खाचा जितक्या उथळ, टायर जितका रुंद आणि हवा जितकी कमी, तितके हे लवकर घडते. वळवाची पहिली सर आणखी फसवी. कोरड्या महिन्यांत साचलेली धूळ, तेल आणि टायरची भुकटी तिच्यात मिसळून रस्त्यावर निसरडा लेप बसतो. इंदिरानगरच्या झाडीच्या रस्त्यांवर ओली फुले व पाने यांचा थर त्यात भर घालतो. म्हणून इथे ओल्या रस्त्यावरील पकड हा पहिला निकष, बाकीचे त्यानंतर.

विद्युत मोटारीचे वेगळेपण : (१) वजन : बॅटरीमुळे ही मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीहून जड असते. टाटा नेक्सॉनची विद्युत आवृत्ती सुमारे १,४०० किलोची आहे. (२) टॉर्क : पेडल दाबताच मोटरचा पूर्ण जोर चाकांवर येतो. सिग्नलला जोरात निघण्याची सवय असेल तर टायर लवकर गोटा होतात. (३) ऊर्जा परत मिळवणारे ब्रेक : पाय पेडलवरून काढताच मोटर जनित्र बनते व गाडी मंदावते. हा ताण मोटर जोडलेल्या चाकांवरच येत असल्याने तेच टायर आधी झिजतात. निसरड्या रस्त्यावर ब्रेकची ही पातळी कमी ठेवावी. (४) लोटण-रोध : चाक फिरताना रबर दबते आणि पुन्हा सावरते, आणि त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. हा रोध कमी असेल तर एका चार्जमध्ये गाडी जास्त अंतर कापते. (५) आवाज : इंजिनाची घरघर नसल्याने टायरचा आवाज ठळक ऐकू येतो. त्यासाठी काही टायरांच्या आतून फोमचा थर चिकटवलेला असतो.

लोटण-रोध आणि ओली पकड यांचे हित परस्परविरोधी असते. १९९० च्या दशकात मिशलँ कंपनीने काजळीऐवजी सिलिका मोठ्या प्रमाणात वापरून हा विरोध बराच सौम्य केला, पण तो संपलेला नाही. केवळ पल्ला वाढवण्यासाठी पकडीवर पाणी सोडलेला टायर इंदिरानगरच्या पावसात महागात पडतो. भारतात ‘अपोलो’ने ‘अ‍ॅम्पेरियन’ आणि ‘सिएट’ने ‘एनर्जीड्राइव्ह’ या नावाने विद्युत मोटारींसाठी टायर आणले आहेत. विद्युत मोटारीला असाच खास टायर हवा असे बंधन नाही. भारक्षमता आणि ओली पकड जुळत असेल तर साधा चांगला टायरही चालतो.

टायरवरील खुणा : नेक्सॉनवरील ‘२१५/६० आर १६’ या मापात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही बाजूच्या भिंतीच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढे भारांक व वेगाचे अक्षर असते. भारांक ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किमी. मूळ भारांकापेक्षा कमी अंकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ‘एक्सएल’ हे जास्त भार पेलणाऱ्या बांधणीचे आणि ‘एचएल’ त्याहूनही जास्त भाराचे चिन्ह होय. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात हे अंक वाचूनच पैसे द्यावेत. लोटण-रोध, ओली पकड व आवाज यांसाठी भारतात ‘एआयएस १४२’ हे मानक असून २०२२ च्या नियमदुरुस्तीने ते मोटारींच्या टायरांना लागू केले.

रिम : मोठ्या अलॉय चाकांचा मोह इंदिरानगरात सर्रास दिसतो. २१५/६० आर १६ या टायरची भिंत १२९ मिलिमीटर उंच असते. १७ इंची रिमवर २१५/५५ टायर बसवला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण भिंत ११८ मिलिमीटर उरते. खड्ड्याचा मार शोषणारी उशी तेवढी पातळ होते. भिंत फुटली तर पंक्चर-किटमधला द्रव काही करू शकत नाही, आणि अनेक विद्युत मोटारींत स्टेपनीऐवजी असे किटच मिळते. हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा व दुरुस्ती-किट असलेल्या मोटारीला स्टेपनीतून सूट देणारी तरतूद २०२० मध्ये झाली. म्हणून कंपनीने सुचवलेल्या मापांतील लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर हीच इथली शहाणी निवड ठरते. बाहेरचा व्यास बदलल्यास वेगमापक आणि पल्ल्याचा अंदाज दोन्ही चुकतात.

पुण्याकडचा प्रवास : इंदिरानगरातील मराठी कुटुंबांची मे महिन्यातील किंवा गणपतीची वाट म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी-धारवाड, बेळगाव, कोल्हापूर, सातारा अशी ती सुमारे ८४० किलोमीटरची आहे. मेमध्ये तापलेला रस्ता, माणसे-सामानाचा पूर्ण भार आणि सलग वेग हे तिन्ही टायर तापवतात. गणपतीच्या सुमारास पश्चिम घाटाच्या कडेने धो-धो पाऊस असतो. बेळगावहून सावंतवाडीकडे उतरणाऱ्यांना आंबोलीचा घाट लागतो आणि आंबोली हे महाराष्ट्रातील अतिपावसाचे ठिकाण आहे. घरापासून दुकानापर्यंत पुरेसा वाटणारा झिजलेला टायर या वाटेवर पुरत नाही. वर्षातला हा एक प्रवास डोळ्यांसमोर ठेवून टायर निवडावा.

देखभाल : हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरील आकड्याप्रमाणे भरावी. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी बदलले की दाब जवळपास १ पीएसआयने बदलतो. जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत म्हणूनच तीनेक पीएसआयचा फरक पडू शकतो. धावून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल व अलाइनमेंट करून घ्यावी. बॅटरी गाडीच्या तळाशी असल्याने जॅक ठरवून दिलेल्या जागीच लावावा लागतो. पंक्चर काढणाऱ्याला ती जागा मालकाने स्वतः दाखवावी.

कायद्याने खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि खाचांतील उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली असे समजावे. पण पाणी काढण्याची ताकद त्याच्या बरीच आधी ओसरते. पावसासाठी ३ मिलिमीटर ही सुरक्षित मर्यादा मानतात. मार्चअखेरीस, वळवाच्या आधी, खोली मोजून ती ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर टायर तेव्हाच बदलावेत. थंड देशांत जसा चाके बदलण्याचा दिवस ठरलेला असतो, तसा इंदिरानगरात टायर मोजण्याचा दिवस ठरवावा.