मृगजळ, वारा आणि दूरचा नेम

वैशाखांत भर दुपारीं असोद्याच्या काळ्या वावरांवरून दृष्टि टाकली, तर नांगरटीच्या ढेकळांवर पाणी पसरल्यासारखें दिसतें. पऱ्हाट्या केव्हांच निघून गेलेल्या असतात, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि उत्तरेस तापीकडचीं झाडें मुळापासून सुटून हवेंत तरंगत आहेत असा भास होतो. अमरकोशानें यास मृगतृष्णा व मरीचिका अशीं दोन नांवें दिलीं आहेत. वेदान्त्यांनीं मिथ्यात्वाचा दृष्टान्त म्हणून त्याचा इतका उपयोग केला कीं, मृगजळ म्हणजे खोटें हें समीकरण आपल्या भाषेंत कायमचें बसलें. प्रस्तुत लेखांत याच्या उलट बाजू मांडावयाची आहे. दूरच्या निशाणावर बंदूक चालविणाऱ्यास हेंच मृगजळ साक्षीदार होतें. डोळ्यांस न दिसणारा वारा त्यास त्यांतून वाचतां येतो. ही विद्या कां उत्पन्न झाली, आणि तिचीं साधनें आपल्या दप्तरांत कां जमा होत नाहींत, एवढेच दोन प्रश्न येथें घेतले आहेत.

प्रथम धनुर्विद्या. वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंत सकाळीं लक्ष्य पश्चिमेस व दुपार कलल्यावर पूर्वेस मांडावें, असा नियम आहे. सूर्य धनुर्धराच्या पाठीशीं राहावा हा हेतु उघड दिसतो. लक्ष्याचें अंतर उत्तम पक्षीं ६०, मध्यम ४० व कनिष्ठ २० धनुष्यें. एक धनुष्य म्हणजे चार हात. तेव्हां उत्तम पल्ला सुमारें १२० यार्डांचा झाला. प्रकाशाचा विचार आपल्या ग्रंथकारांनीं केला होता हें यावरून सिद्ध होतें. परंतु एवढ्या अंतरावर मृगजळ न्याहाळण्याचें कारणच नव्हतें. पुढें बंदूक आली तरी स्थिति फारशी बदलली नाहीं. १८२५ सालीं औट्राम यानें धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली, त्या काळची गुळगुळीत नळीची बंदूक शंभर यार्डांपलीकडे भरंवशाची नसे. तिरकमठ्यावर हात बसलेल्या भिल्लास ती पल्ल्याच्या दृष्टीनें कांहीं मोठी नवलाई वाटली असेल, असें मला वाटत नाहीं.

खरा पालट नळीस आटे पडल्यावर झाला. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीनें पल्ला एकदम कित्येक पटींनीं वाढविला. १८६० सालीं विंबल्डन येथें मोठ्या अंतराच्या नेमबाजीच्या स्पर्धा सुरू झाल्या, व १८९० पासून त्या बिस्ले येथें होऊं लागल्या. (पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीनें झाडली, असें मोठ्या कौतुकानें सांगतात, परंतु बंदूक ४०० यार्डांवरच्या निशाणास आधींच नेमून घट्ट बसविली होती, राणीनें फक्त दोरी ओढली.) हजार यार्डांवर पोंचण्यास गोळीस दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि ताशीं १० मैलांचा आडवा वारा तिला तेवढ्यांत आठ-दहा फूट बाजूस नेतो. शिवाय अंतर दुप्पट झालें तर हा ढळ चौपटीच्याहि वर जातो. हात कितीहि स्थिर असो, वारा न ओळखणाऱ्याचा नेम येथें व्यर्थ आहे.

वारा ओळखावा कसा? झेंड्या, गवत, धूळ हीं साधनें आहेतच. पण तीं जेथें आहेत तेथलाच वारा सांगतात. मधल्या साऱ्या वाटेवरच्या हवेची खबर मृगजळ देतें. तापलेल्या जमिनीलगत हवेचे थर कमीअधिक विरळ होतात व त्यांतून प्रकाश वांकतो, अशी याची उपपत्ति नेपोलियनबरोबर इजिप्तमध्यें गेलेल्या मोंज या फ्रेंच गणितज्ञानें १७९८ च्या सुमारास मांडली. नेमबाज ज्यास मृगजळ म्हणतो तें पाण्याचा भास नव्हे, तर त्याच कारणानें उठणाऱ्या उन्हाच्या झळा. दुर्बीण प्रथम निशाणावर नीट बसवावी आणि मग तिची दृष्टि किंचित् अलीकडे आणावी. निशाण जरा पुसट होतें, आणि झळा वाहत्या पाण्यासारख्या स्पष्ट होतात. मंद वाऱ्यांत त्या एका अंगास झुकतात. वारा ताशीं दहा मैलांच्या आसपास गेला म्हणजे आडव्या पडून धांवतात. याहून जोराच्या वाऱ्यांत विरून जातात, व मग पुन्हां गवताकडेच पाहावें लागतें.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे झळा उकळत्या पाण्यासारख्या सरळ वर चढतात ती. नवशिक्यास वाटतें वारा पडला. तसें असूंहि शकेल. पण वारा समोरून वा पाठीमागून येत असला, किंवा दिशा पालटण्याच्या बेतांत असला, तरी झळा अशाच दिसतात. म्हणून जाणते लोक त्या वेळीं बोट चापावरून काढून घेतात. शिवाय या झळा निशाणाचें प्रतिबिंबहि थोडें ढळवितात. एवढ्यापुरते वेदान्ती खरे.

वारा तिरपा असेल तर त्याचें बळ किती धरावें, याचा हिशेब आमच्या गणितांतच आहे. गोळीच्या मार्गाशीं वाऱ्याचा जो कोन होतो, त्याची ज्या घ्यावी: ३० अंशांवर निम्मा ढळ, ४५ वर सुमारें सात दशांश, ९० वर पूर्ण. ज्या म्हणजे मूळची धनुष्याची दोरी. धनुष्य हातचें गेलें, दोरी मात्र बंदुकीच्या हिशेबांत शिल्लक राहिली, याची मला मोठी मौज वाटते.

मराठी शिपायास या विद्येची गांठ रणांगणावर पडली. १९१५ च्या १२ ते १४ एप्रिलच्या दरम्यान बसऱ्याजवळ शैबा येथें तुर्कांशीं लढाई झाली, तींत ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी होत्या. वाळवंटांतल्या मृगजळानें अंतरें व आकृति ओळखणें कठीण केलें, असें त्या लढाईच्या वर्णनांत येतें. दूरच्या खेंचरांची रांग मृगजळांतून पाहून तुर्कांस नवी कुमक आल्याचा भास झाला व ते हटले, अशी आख्यायिकाहि आहे. सेनापतींचे खलिते छापले गेले; ज्या शिपायानें डोळे किलकिले करून त्या झळांतून नेम धरला, त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर गेलें.

आमच्या असोद्यास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. बहिणाबाई चौधरी १८८० सालीं येथें जन्मल्या. त्यांना लिहितां येत नव्हतें. घरच्यांनीं त्यांचीं गाणीं उतरून घेतलीं म्हणूनच, त्या वारल्यावर १९५२ सालीं, तीं पुस्तकरूपानें निघूं शकलीं. नेमबाजाजवळ तर बहुधा वही असते. तींत तारीख, अंतर, प्रकाश, घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें वाऱ्याची दिशा, झळांची चाल, माशी किती सरकविली, आणि गोळी कोठें लागली याचें लहानसें वर्तुळ काढलेलें असतें. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जगज्जेतेपद मिळविलें, स्वप्निल कुसळे यांनीं २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक; दोन्ही ५० मीटरांच्या नेमबाजींतलीं. त्या अंतरावरहि उघड्या मैदानांत वाऱ्याच्या झेंड्या लावाव्या लागतात. परंतु अशा वह्यांस हस्तलिखित कोणी म्हणत नाहीं, आणि घर बदलतांना त्या रद्दींत जातात.

संग्राहकांस विनंति अशी कीं, निवृत्त शिपायांच्या व शिकाऱ्यांच्या घरीं बखरी व सनदा विचारतां विचारतां या वह्याहि मागाव्या. मोडी कागदांच्या मानानें त्या अर्वाचीन आहेत, पण पेन्सिलीचीं अक्षरें फार लवकर पुसतात. वही हातीं आल्यास पानें सुटीं करूं नयेत, आणि गोळ्यांचीं वर्तुळें मजकुराबरोबरच उतरून घ्यावीं.